थकबाकी

नोटीस आली मंगळवारी. माझे हात बांगड्यांच्या रक्तात,
पोस्टमनने सहीसाठी पेन पुढं केलं
आणि हात बघून मागं ओढलं.
नऊ पानं. भाच्याने वाचून सांगितलं:
'तिरफळ' हा शब्द त्यांचा आहे.
एकतीस शहरांत दुकानं आहेत त्यांची या नावाची,
आणि आम्ही तो लावून गिऱ्हाइकांची दिशाभूल करतो.

दिशाभूल!
डिचोलीच्या बसस्टँडमागे आमची सहा बाकडी,
दिशा चुकलाच कुणी तर फार तर मुतारीत शिरेल.

झाड न्हाणीमागे आहे. खोडभर काटे.
त्याला अजून कुणी नोटीस लावलेली नाही.

वकीलबाई म्हणाल्या, पुरावा आणा,
त्यांच्याआधीपासून हे नाव तुमचं, असा.
परवाना सासऱ्यांच्या नावावर. बोर्डावर तारीख नाही.
बिल आम्ही कधी फाडलंच नाही,
जेवलेला माणूस हात धुता धुता सांगायचा काय खाल्लं ते.

मग पिठाच्या डब्यामागून वह्या निघाल्या, उधारीच्या.
प्रत्येक पानावर वर श्री, खाली तिरफळ, डिचोली,
ह्यांचं अक्षर, डावीकडे झुकलेलं,
आणि खनिजाच्या धुळीचे तांबडे अंगठे.
ट्रक चव्वेचाळीस सतरा, दोन थाळ्या, एक इसवणाची तुकडी.
कुष्टा गांवस, सोलकढी तीन वेळा.
खाणी बंद झाल्या तशी माणसं गेली,
ट्रकांच्या हौद्यांत रान उगवलं,
दोन लाख अकरा हजार वहीतच राहिले.
हे गेले त्या वर्षी वह्या चुलीत घालणार होते मी,
पण पानं सादळलेली, पेटेनात.

वकीलबाईंनी पानं मोजली. मधली कितीतरी फाटलेली.
मी म्हटलं, ज्याने फेडलं त्याचं पान हे फाडून त्याच्या हातात देत.
त्या जरा गप्प राहिल्या.
म्हणजे चोख माणसांचा पुरावा काहीच नाही.
बुडवे तेवढे साक्षीदार.

फोन लावले. नंबर बघून कापतात.
कुष्टाची बायको म्हणाली घरी नाहीत,
मागे त्याचाच खोकला.
पैसे नकोत रे बाबा, सही हवी,
हे कुणाला पटतच नाही.
शेवटी साखळीहून इनास आला, आता शाळेची बस चालवतो.
पाकिटात हजार रुपये घेऊन.
मी म्हटलं ठेव, फेडलंस तर तुझं पान बाद होईल.
स्टॅम्पपेपरावर त्याने लिहून दिलं:
दोन हजार सहापासून इथे जेवत आलो, पैसे दिलेले नाहीत.
सही करताना कान लाल झाले होते त्याचे.

कंपनीचा माणूसही येऊन गेला, न सांगता.
बोर्डाचा फोटो काढला, थाळी मागवली,
आणि तिरफळ चावलं.
आमच्याकडे बालवाडीतलं पोरही ते ताटाच्या कडेला काढतं.
जीभ बधिर, डोळ्यांत पाणी; मी ताक दिलं.
ताकाचे लावले नाहीत.

वह्या आता मेरशीच्या कोर्टात, शिक्का मारून, निशाणी अकरा.
पुढची तारीख सतरा.
कंपनी म्हणते, नाव बदला, नवा बोर्ड आम्ही देतो, आतून उजळणारा.
पण ह्यांच्या हातचं आता तेवढंच उरलंय, तो बोर्ड.
शेवटचा ळ तिरका आहे,
तो काढताना शिडी सरकली होती, मी खाली धरून होते
आणि हसले होते.

रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसते. फडकं हल्ली तांबडं होत नाही.
आज ळ-जवळचा रंगाचा पापुद्रा सुटून हातात आला.
पदराच्या टोकाला बांधून ठेवलाय.
वकीलबाईंना विचारायचंय, हा चालेल का.