पहिला घाव

अकरा दिवस झाले,
भोपळा फ्रिजवर बसून आहे.
मंगळवारच्या बाजारात बाई म्हणाली,
फोड करून देत नाही आता, उठायची वेळ झाली,
अख्खाच ने, चाळीस दे.
रिक्षात मांडीवर घेऊन आले.
रिक्षावाला आरशातून म्हणाला,
झोपलंय की काय बाळ.

अख्ख्या भोपळ्याला आमच्यात
बाईनं पहिला घाव घालायचा नसतो.
थोरला मुलगा म्हणे तो.
पुरुषानं एकदा सुरी लावावी,
मग बाईनं काय ते चिरावं, शिजवावं, वाढावं,
कढई घासावी.
त्याला कुणाची हरकत नाही.

आमचा पुरुष टॉवेलच्या मागावर, रात्रपाळीला.
साडेसहाला तो निघतो, सातला मी येते.
कधी अशोक चौकात सायकलवरून हात करतो,
तेवढाच संसार आठवड्याचा.
सकाळी येतो तो डोळे मिटूनच.
त्याला हलवून हातात सुरी द्यायची, जिवावर येतं.
आणि हत्तुरे मामा, गल्लीतले सगळे भोपळे ज्यांच्या हातचे,
ते गुडघा बदलून लेकीकडे लातूरला.

आज गुरुवार.
दिवसभर शाळेच्या गणवेशांना काजं केली,
डोळ्यांपुढे अजून खाकीच दिसते.
घरात दोन कांदे,
आणि तो.

साईकिरणला हाक मारली. वय वर्षं नऊ.
त्यालाही आज गणितात भोपळाच मिळालाय.
वही दप्तराच्या तळाशी आहे,
मला माहीत आहे
हे त्याला माहीत नाही.
घाल बे घाव, म्हटलं.
दोन्ही हातांनी मारली त्यानं सुरी.
अर्धी रुतली, आणि रुतूनच बसली.
सुरी उचलावी तर भोपळा येतो,
भोपळा धरावा तर सुरी हलत नाही.
तो हसायला लागला. मग मीही.

सासूबाई कॉटवर विड्या वळत होत्या.
गुम्मडिकाय, म्हणाल्या,
दुसरं काही नाही.
मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं,
दाराबाहेर डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं,
कडी लावली,
आणि सुरीच्या पाठीवर वरवंटा हाणला.
एकच.

दोन शकलं.
आत ओलं, केशरी, दिवा लावल्यासारखं.
घाव पोराचाच हां, म्हणाल्या,
मी नुसता वरवंटा टेकवला.
मग हात धुता धुता, मला नाही,
बादलीला सांगावं तसं:
तुझे सासरे भिवंडीला होते सात वर्षं.
भोपळे काय वाट बघत बसले असते?

पुढचं सोपं.
साल राहू द्यायची. बोटाएवढ्या फोडी.
तेलात मोहरी, सात-आठ मेथीदाणे,
ते काळे पडायच्या आत हिंग, लसूण, कांदा.
फोडी टाकून झाकण.
पाणी घालायचं नाही.
चार दिवसांआड नळ येतो त्या गावात
ही एक भाजी आपलं पाणी आपण घेऊन येते.
मग काळं तिखट, गुळाचा खडा,
शेंगदाण्याचा कूट मूठभर,
मूठ सासूबाईंची.
भाकरी कडक, पुडक्यातली, बचत गटाची.
आज कोण थापतंय.

साईकिरणनं बिया मागून घेतल्या,
ताटात पसरून मोजायला बसला.
एकशे सत्तावीसला चुकला,
पुन्हा एकपासून.
वहीचं विचारावं, असं तोंडापर्यंत आलं.
म्हटलं, जेवू दे.

भाकरी मोडल्याचा आवाज, तेवढाच घरात.
सासूबाईंनी तिसऱ्यांदा भाजी घेतली
आणि गोड झालीय म्हणून नाव ठेवलं.
त्याची वाटी काढून झाकली.
सकाळी तो विचारेल, कोणी फोडला?
साईकिरणनं उत्तर आत्ताच पाठ केलंय.

राहिलेलं शकल फ्रिजमध्ये, आता आत.
पहाटे चारला पाणी आहे, गजर लावला.
बिया किती निघाल्या
ते विचारायचं राहिलंच.