लाईट बिलाच्या पाठीवर

बिल भरून झालं होतं, कागद चांगला होता.
सोमवार ते रविवार सात रेघा मारल्या
आणि जेवणाच्या आधी पाणी लिहिलं:
मंगळवारी पहाटे नळ, त्यानंतर थेट रविवारी.
म्हणजे मोठी पातेली मंगळवारीच काढायची,
आणि नाताळला ज्याला भांडी कमी लागतात
तेच जेवण प्रभूने आमच्यासाठी नेमलेलं.

मंगळवारी रात्री मंडळीची गाणीवाली पोरं येणार.
चाळीस म्हणतात, साठ येतात.
चहा. फक्त चहा. (याच्यापुढे केरनने
पेन्सिलीने लिहिलं: शंकरपाळ्या पण. नाहीतर इज्जत जाते.)

वाटण त्याच दिवशी भाजून बरणीत,
बरणीवर चिठ्ठी: ही चटणी नाही.
गेल्या वर्षी जोएलने अर्धं पावाला लावून खाल्लं
आणि मटण पांढरंफटक झालं,
तरी पाळकसाहेब दोनदा वाढून घेऊन गप्प राहिले.

बुधवारी माझी रात्रपाळी.
सगळे म्हणाले, सिस्टर, तुमचाच सण आणि तुम्हालाच?
बाळंतिणींना कुठे तारखा कळतात, म्हटलं.
तर बुधवारचं घर सामुएलच्या हाती.
त्याला चहा येतो, अंड्याची पोळी येते,
आणि फोन करून 'काय करू ओ?' विचारता येतं.
लिहिलं: खिचडी.
खोडलं. तो कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही,
त्यावर सूर धरतो.
लिहिलं: कडक भाकरी, शेंगाचटणी, दही,
कांदा बुक्कीने फोडून.
गॅस पेटणार नाही, काही करपणार नाही.

फक्त आबांची कवळी.
त्यांची भाकरी आदल्या दिवशीच्या आमटीत कुस्करून
पाव तास झाकून ठेवायची. खाली दोन रेघा मारल्या.
तरी ते म्हणणारच, तुझ्या वयात मी अख्खी चावायचो,
आणि म्हणता म्हणता वाटी चाटूनपुसून देणार.

गुरुवार सोपा. दोन किलो, खांद्याचं, हाडासकट,
शब्बीरभाईंना सांगून ठेवलंय.
एक पातेलं रस्सा, एक पातेलं भात,
ताटं पत्रावळीची.

शुक्रवारची रेघ मी कोरी ठेवत आले, बारा वर्षं.
नाताळच्या संध्याकाळी शेजारची नरसम्मा
चिंचेच्या भाताचा एवढा मोठा डबा आणून ठेवते,
शेंगदाणे वर, कढीपत्ता खाली,
दुसऱ्या दिवशी तोच पुरतो,
मुरून जास्त चांगला लागतो.
मी कधी मागितला नाही, तिने कधी विचारलं नाही.
डबा परत जातो तो करंज्या भरून.

यंदा ती रविवारी दारातूनच म्हणाली,
"सिस्टर, ह्या टायमाला भात नाही होत माझ्याकडून.
श्रीलताला दिवस भरले."
विड्या वळणारी बोटं तिची,
तिला ती कुठे ठेवावीत कळत नव्हतं.
मी रेघेकडे बघितलं. काही सुचलं नाही.
कोरीच राहू दिली.

गुरुवारी सकाळी साडेसातला घरी आले.
आबा टाय शोधत होते, रस्त्यावर कुणाची तरी
चांदणी अजून दिवसाउजेडी पेटलेली.
कागद फ्रीजवर होता. शुक्रवारपुढे लिहिलं:
मऊ भात, तूप, लसणाची फोडणी, डबा आपण न्यायचा.
आणि झोपेत हात चालतो तसं, शेजारी, आकडा.

उपासनेला तासभर होता. चप्पल न काढता आडवी झाले.
स्वयंपाकघरातून सामुएलचा आवाज,
मटण धुता धुता, नळ नसल्याने तांब्या तांब्याने:
"शुक्रवारी दोन किलो सहाशे
काय आणायचं ओ?"

आणायचं नाही, मी डोळे मिटून म्हटलं,
आलंय.