नमुना क्रमांक एकवीस

मे महिन्यात दर मंगळवारी
मी पुलाखाली उतरते. रबरी बूट, कमरेला दोरी,
बाटलीचं तोंड प्रवाहाकडे.
पाणी निवळशंख. वास नाही, गढूळपणा नाही.
नायट्रेट: चौदा.
दहाच्या आत असावं लागतं.

काठावर मर्ल ओल्टमन्सचा मका,
बोटभर उंच, पट्टीनं आखल्यासारखा.
त्याखाली चार फुटांवर
त्याच्या आजोबानं पुरलेल्या भाजल्या मातीच्या नळ्या.
दलदल होती इथं आयोवात. बदकं होती.
आजोबानं ती निचरून काळीभोर जमीन वर काढली,
आणि तिच्यातलं धान्य कुठं कुठं गेलं ते मर्ल सांगतो,
फुशारकीनं नाही, उधारी वाचून दाखवावी तसा.
आता त्याच नळ्यांतून त्याचं खत ओढ्यात येतं.
पैसे त्यानं मोजलेले,
बाटली मी भरते.

"तू जेवतेस ना?" पहिल्याच वर्षी त्यानं विचारलं होतं.
जेवते.
अंडी स्वस्त झाली की दोन डझन घेते.
कोंबड्या याच मक्यावर पोसलेल्या.

गेल्या एप्रिलात त्याची सून बाळंत झाली.
त्याच आठवड्यात गावात पत्रक लागलं:
तान्ह्याच्या दुधात नळाचं पाणी घालू नये.
खाली माझी सही.
मंगळवारी मर्ल पुलावर उभा,
हातात काकडीच्या लोणच्याची जुनी बरणी.
"घरच्या विहिरीचं. बोलू नकोस कुठं."
बोलले नाही. बरणीवर लिहिलं, एकवीस.

आकडा फोनवर सांगितला.
पलीकडे बराच वेळ
ट्रॅक्टर नुसता धडधडत राहिला.

ऑक्टोबरात मका निघाला आणि त्यानं राय पेरली,
कापायची नाही, विकायची नाही,
हिवाळाभर मातीला धरून ठेवायला.
ओढ्याकाठच्या बारा ओळी गवताला सोडल्या.
शेजारी ग्लेन व्हॉसनं विचारलं म्हणे,
"चर्चला दान केल्यास का?"
बारा ओळी म्हणजे किती, मीही विचारलं.
त्यानं डॉलरमध्ये सांगितलं.
मी वहीत लिहिलं नाही; वहीला तसा रकाना नाही.

आज परत मे.
गवतात एक बदक दिसलं, कदाचित चुकून आलेलं.
नायट्रेट: तेरा.
चौदाचे तेरा.
वरच्या अंगाला अजून चाळीस शेतं आहेत
आणि सगळ्यांच्या सुना काही याच वर्षी बाळंत होणार नाहीत.

मर्लच्या ट्रकमध्ये अजून विकतच्या पाण्याचे कॅन.
त्यानं हात हलवला.
मी बूट धुतले,
त्याच पाण्यात.