खोली नंबर दोन

लिही, किमरॉन, तुझी बोटं पटापट चालतात:
खोली आहे. फेब्रुवारीचे पहिले दहा दिवस.
मोठ्या बेटावरून फेरी साडेतीनला सुटते,
म्हणजे कॅप्टन ऑगस्टीनचं जेवण आटोपलं की.
सामान कमी आणा, असं लिही. नको, राहू दे.
आणतातच ते, आणि जाताना
निम्मं इथेच टाकून जातात: चपला, जाड जाड पुस्तकं,
एकदा तर बर्फात घालायचे बूट.

गरम पाणी आहे का, विचारतायत.
लिही, टाकी काळी आहे, छपरावर आहे, ऊन फुकट आहे.
पाणी पावसाचं, हौदात जपलेलं,
तेव्हा नाहताना हवं तेवढं गा,
पण साबण लावताना नळ बंद.
हे जरा गोड करून लिही.

डास?
"थोडे" लिही.
खोटं कुठे आहे? मोजलेत कुणी?

समुद्र किती पावलांवर?
एकशे बारा.
गुडघा धरल्यापासून माझी एकशे चाळीस होतात,
पण ते माझ्या गुडघ्याला बघायला येत नाहीयेत.
वाटेत मँचिनीलचं झाड आहे, त्यावर लाल पट्टा मारलाय.
फळाला वास गोड. तोंडात घालायचं नाही.
पाऊस आला तर त्याच्याखाली थांबायचं नाही,
पानांवरून निथळलेलं पाणी कातडी सोलतं.
हे मात्र गोड करू नकोस.

पुढे काय? "दिवसभर तिथे करायचं काय?"

हं.

लिही, सकाळी शेळ्या मोकळ्या सुटतात,
त्यांना दोरीवरच्या कपड्यांपासून हाकलायचं.
सिल्वानस गेली चार वर्षं एक होडी बांधतोय,
तिच्या सावलीत बसून त्याला सल्ला द्यायचा,
सगळे देतात.
तुरीच्या शेंगा सोलायच्या माझ्याबरोबर, जमलं तर.
नीरफणस निखाऱ्यावर काळा होईपर्यंत
गप्प बसायचं.
मग तो खायचा, आणि पुन्हा गप्प बसायचं.
इतकंच आहे. विमानाचं भाडं बघता
कमी वाटेल, तर अंबाडीचं सरबतही लिही.

झालं ना?
अजून काय?
खाली तळटीप: "तुम्ही स्वतः सुट्टीला कुठे जाता?"

…

मोठ्या बेटावर गेलेय मी. दाढ काढायला.
गाद्या आणायला. एल्डनला दाखवायला,
आणि मग एल्डनला आणायला.
एकदा लेस्टरला, तुझ्या मावशीच्या बाळंतपणात,
सहा आठवडे, खिडकीबाहेर एकच भिंत
आणि तिच्यावर एकच मांजर.
याला सुट्टी म्हणतात का रे?

कळफलकाकडे बघ, माझ्याकडे काय बघतोस?

सव्वीस वर्षं दोन नंबरचा पलंग लावतेय मी.
चादरीचे कोपरे डोळे मिटून दुमडता येतात.
दोन्ही खिडक्या समुद्रावर. सगळे सांगतात,
पहाटे तिथे उजेड आधी छताला लागतो,
पाण्यासारखा हलतो.
माझ्या खोलीतून दिसतो गॅसचा सिलिंडर
आणि इग्नेशियसचं डुक्कर.

नोंदवही आण. पेनानेच लिही.
सप्टेंबर, चौदा ते सतरा.
वादळाचे दिवस, तेव्हा काळं कुत्रं फिरकत नाही, दरही निम्मा.
नाव: व्हर्लिन क्वाशी.
माणसं: एक.
कुठून येणार: मागच्या खोलीतून.
हसू नकोस, रकाना आहे तर भरायचा.

नाश्ता?
हो.
कुणीतरी केलेला.

आगाऊ रक्कम त्या डब्यात टाकते आत्ताच,
नाहीतर ऑगस्टपर्यंत मी शब्द फिरवीन,
मला मी ओळखते.
वादळ आलंच, तर निदान
चांगल्या खिडकीतून बघेन.

आणि त्यांना?
त्यांना लिही, टॉवेल आम्ही देतो.