अकरा सेंटिमीटर

विडी घरकुलातल्या नरसम्मा बोद्दुल
महिनाभर सांगत होत्या, डोळ्यात दोरा हलतोय.
कारखानदार म्हणाला, तंबाखूची धूळ.
सून म्हणाली, वय.

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये टॉर्च मी धरला होता.
बुबुळाच्या कडेने तो वळला,
झोपेत कूस बदलावी तसा.

डॉक्टरांनी चिमट्यात धरला,
ओढला, ओढतच राहिले.
बशीतल्या पाण्यात त्याने आठ काढला,
मोडला, परत काढला.
"कुत्र्याचा जंत. डासातून आला. वाट चुकला."

पट्टी नसलेल्या डोळ्याने
नरसम्मांनी त्याला मापलं.
"एवढ्यात दोन विड्या बांधून होतात."
मग बशीवर वाकून
त्याच्याशी तेलुगूत काहीतरी बोलल्या.

मला तेलुगू येतं.
सांगणार नाही.