रकाना क्रमांक सात

लोअर परळच्या काचेच्या ऑफिसात
मी शब्दांवर पोट भरतो.
दर शब्दाला दीड रुपया, जीएसटी वेगळा.

गयाबाई हिवराळे चौदा मिनिटं बोलल्यात.
मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि एक पोरगं
सारखं विचारतंय, आजी, फोनमधी कोणे?

त्या म्हणतात, "भागतं आता कसंतरी."
मी लिहितो: उपजीविकेत शाश्वत स्थैर्य.
त्या म्हणतात, "मुकादम आधी लई शिव्या द्यायचा, आता कमी देतो."
मी लिहितो: सन्मानपूर्ण कार्यपरिसर.
त्या 'कमी'ला कुठे बसवू, सुचत नाही.
गाळतो.
दीड रुपयाचं नुकसान.

इथे कचरा कुणी म्हणत नाही.
'गरीब' चपलांबरोबर दाराबाहेर काढायचं.
आणि 'मदत' म्हटलं
की मीटिंगमध्ये सगळे असे बघतात
जणू कुणी ताटात शिंकलं.

मिहिका वाईट नाही.
बैंगनवाडीच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी तिला उलटी झाली,
चूळ भरली आणि परत आत गेली. मी होतो तिथे.
रात्री दीडला तिचा मेसेज येतो:
'समावेशक' की 'सर्वसमावेशक'?
मी कळवतो: सर्व लावा. फंडवाल्यांना सर्व आवडतं.

एकदा टपरीवर, कटिंग फुंकत, ती म्हणाली,
साधं लिहिलं ना, तर ते विचारतात
हे एखादं महिला मंडळही करेल, मग तुम्ही कशाला?
शब्द आले तर पैसे येतात,
पैसे आले तर हातमोजे.

हातमोजे आले. निळे.
दोनशे चाळीस जोड मी स्वतः मोजलेत.
अहवालात त्यांचं नाव 'सुरक्षा हस्तक्षेप',
शेडमध्ये 'मिहिकाताईचे पंजे'.

रकाना क्रमांक सात:
लाभार्थीच्या स्वतःच्या शब्दांत. कमाल चाळीस.
तिथे मी तसंच ठेवलं होतं,
"तांदूळ निवडावं तसं मी भंगार निवडते.
खडा हाताला कळतो."
समासात पिवळी खूण आली:
छान! पण 'संसाधन पुनर्प्राप्ती' बसेल का कुठे?

हे सगळं ठीक.
मी हसतो, बिल लावतो, घरी जातो.

पण मार्चमध्ये गल्ली नंबर नऊचं पाणी गेलं
आणि गयाबाई वॉर्ड ऑफिसात गेल्या.
साहेब मान वर करेना.
तेव्हा त्यांनी पदर खोचला,
मिहिका बोलताना धरते तसा हात छातीशी धरला
आणि म्हणाल्या,
"सायेब, आमी कचरावाल्या न्हाई.
आमी स्टेकहोल्डर हाओत."

खुर्ची आली.
पाणी नाही, ते नऊ दिवसांनी, तेही अर्धा तास.
पण खुर्ची लगेच आली, शिपायाने फडक्याने पुसून.

रेकॉर्डर बंद केल्यावर सांगितलं हे त्यांनी,
हसून हसून डोळ्यांत पाणी येईतो.
मग एकदम गप्प होऊन,
"पर त्या शब्दाचा अर्थ काय हो, दादा?"

ज्याचा वाटा असतो, तो.

त्यांनी मान हलवली.
पोराच्या तोंडाला लागलेलं पुसलं.
"कशात?"

सहाच्या आत फाइल पाठवायची होती.
रकाना सात अजून उघडाच आहे,
चाळीस शब्दांची जागा
आणि माझ्याकडे एकच.