चंदेरी शाई

मौलमीनला दॉ न्युन यींचं भाड्याच्या पुस्तकांचं दुकान.
मासिक यायचं ते चंदेरी शाई फासूनच,
सेन्सॉरच्या साहेबाची.

बाई फळ्या लावून घ्यायच्या.
कापसाच्या बोळ्यावर थेंबभर रॉकेल,
आणि बाळाचं नाक पुसावं
तशी ओळ पुसायच्या.
मी दिवा धरायचो.

एकदा तासभर खपल्यावर अक्षरं वर आली:
‘त्या दिवशी वांगी फार महाग होती.’

एवढंच?
बाई हसल्या, ठसका लागेस्तोवर.
नावाडी को म्यात म्हणाला, पुन्हा वाचा.
मग म्हणाला, हळू वाचा.

पुढच्या महिन्यात पानच फाडलेलं.
त्या दातेरी कडेवर बोट ठेवून
ज्यानं त्यानं आपापली ओळ वाचली, मोठ्यानं.

माझ्यात
वांगी स्वस्त झाली होती.